जुनं विटांचं घर दुरुस्त करण्याआधी त्याची भिंत कशी वाचायची

गावाकडचं जुनं विटांचं घर ताब्यात आलं की लोक आधी गवंडी बोलावतात. माझं म्हणणं, आधी एक दिवस नुसती भिंत बघा, तेही ऊन तिरपं असताना, कारण तेव्हा विटेवरची बारीकशी खूणही सावलीने उठून दिसते.

पहिली बघायची वीट. हाताने साच्यात थापलेली वीट कधीच एकसारखी नसते, कडा वाकड्या, अंगावर मातीच्या घड्या, आणि कधीकधी ओल्या मातीत रुतलेलं बोट नाहीतर वाळत घातलेल्या विटेवरून गेलेल्या कुत्र्याचा पंजा तस्साच भाजून निघालेला. असा ठसा सापडला ना की मी तिथेच उभा राहतो! तारेने कापलेल्या मशीनच्या विटेवर मात्र सरळ समांतर ओरखडे असतात. पण नुसत्या विटेवरून वय ठरवू नका, पडक्या घराच्या विटा दुसरीकडे सर्रास वापरल्या जायच्या.

मग थर. विटेची आखूड बाजू मधूनमधून दिसली तर भिंत बहुतेक भरीव, निदान एक वीट जाड. आणि उभे सांधे एकाखाली एक सरळ रेषेत उतरत आले तर समजा इथे खोली नंतर जोडलीय किंवा दार-खिडकी बुजवलीय.

आता सगळ्यात महत्त्वाचं, दर्जा, म्हणजे विटांमधल्या सांध्यात भरलेला मसाला. खिळ्याने खरवडून बघा. मऊ भुकटी निघाली, आत चुन्याचे पांढरे खडे दिसले तर तो चुना. राखाडी, टणक, खिळा घसरतोय तर सिमेंट, आणि पोर्टलंड सिमेंटचं पेटंटच १८२४ चं, त्यामुळे त्याआधीच्या घरात ते दिसलं तर नंतर कोणीतरी भरलंय हे नक्की.

चुन्याच्या घरात सिमेंट भरू नका, प्लीज. भिंतीतली ओल मऊ सांध्यातून बाहेर पडत असते, तो बंद झाला की ती विटेतून निघते, लोणा (पांढरा क्षार) धरतो आणि विटेचे पोपडे सुटतात. सांधा खराब झाला असेल तर छिन्नीने हळूहळू उकरा, ग्राइंडर नको, त्याने विटेची कड जाते. खोली साधारण सांध्याच्या रुंदीच्या दुप्पट. धूळ झाडा, पाणी मारा, चुना-वाळू घट्ट दाबून भरा (हातमोजे आणि चष्मा घालूनच, चुना भाजतो) आणि वर ओली गोणपाटं टाकून काही दिवस भिंत वाळू देऊ नका.