सरप्लस जीपीएस मॉड्यूल घेताय? या चुका टाळा

जीपीएसवरून दहा मेगाहर्ट्झचा स्वतःचा संदर्भ (बाकी उपकरणं जिच्याशी जुळवायची ती नेमकी फ्रीक्वेन्सी) उभारायचा म्हटलं की मॉड्यूल विकणाऱ्याला हमखास एकच प्रश्न विचारला जातो: "उपग्रह पकडतं ना?" उपग्रह तर खिशातला मोबाइलही पकडतो. आपल्याला हवा असतो सेकंदागणिक पडणारा ठोका, म्हणजे पीपीएस, आणि तो किती नेमका पडतो यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

म्हणून लेबलवरचा मॉडेल नंबर पूर्ण वाचा. युब्लॉक्सचं एलईए-६टी आणि सगळीकडे दिसणारं निओ-६एम एकाच पिढीतली, पण पहिलं टायमिंगसाठी आहे, दुसरं रस्ता दाखवण्यासाठी. टायमिंग मॉड्यूलला अँटेनाची जागा एकदा पक्की करून दिली की ते फक्त वेळेचं गणित सोडवतं. मग एकच उपग्रह दिसला तरी चालतं. शिवाय ठोका किती नॅनोसेकंद पुढेमागे पडणार तेही ते सिरियल पोर्टवर सांगतं. ही माहिती महत्त्वाची, कारण ठोका मॉड्यूलच्या आतल्या क्लॉकच्या कडेवरच पडू शकतो. क्लॉक ४८ मेगाहर्ट्झचा असेल तर दोन कडांमध्ये सुमारे २१ नॅनोसेकंद जातात.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक: लूप (ठोक्याशी ताडून ऑसिलेटर दुरुस्त करणारी साखळी) फार वेगवान ठेवणं. ठोका २० नॅनोसेकंद हलला आणि तुम्ही दर सेकंदाला ऑसिलेटर दुरुस्त करत बसलात, तर १० गिगाहर्ट्झवर तुमचा सिग्नल २०० हर्ट्झने डुलेल. तीच चूक १००० सेकंदांवर पसरली की उरते ०.२ हर्ट्झ. थोडा वेळ स्थिर राहणं हे ओसीएक्सओचं (छोट्या ओव्हनमध्ये गरम ठेवलेल्या क्रिस्टल ऑसिलेटरचं) काम, दीर्घकाळ खरं राहणं जीपीएसचं. साधा क्रिस्टल लावून जीपीएसकडून दोन्ही कामांची अपेक्षा ठेवू नका. मॉड्यूलच्या टाइमपल्स (ठोका बाहेर देणाऱ्या) पिनवरून थेट १० मेगाहर्ट्झ काढण्याचा मोहही क्लॉकच्या त्याच कडांमुळे टाळा. ४८ ला १० ने निःशेष भाग जात नाही, त्यामुळे कडा पुढेमागे होतात. ८ मेगाहर्ट्झ त्यामानाने बरेच स्वच्छ मिळतात.

तारीख वीस वर्षं जुनी दिसते म्हणून मॉड्यूल फेकू नका. जीपीएसचा मूळ आठवडा-क्रमांक १० बिटांचा, म्हणजे १०२४ आठवड्यांनी पुन्हा शून्यावर येणारा. असं १९९९ आणि २०१९ मध्ये झालं. जुनं फर्मवेअर (मॉड्यूलच्या आतलं सॉफ्टवेअर) त्यात फसतं आणि तारीख सुमारे १९ वर्षं ७ महिने मागे दाखवतं. ट्रिंबल थंडरबोल्ट या जीपीएस आणि ओसीएक्सओ एकत्र असलेल्या युनिटमध्ये हा घोळ २०१७ च्या जुलैअखेरीस सुरू झाला, तरी त्याचा १० मेगाहर्ट्झ खराच राहिला. फ्रीक्वेन्सीसाठी तारीख लागतच नाही.

जोडणी करताना दोन गोष्टी आधी मीटरने पाहा. एक, अँटेना सॉकेटवर किती व्होल्ट येतात: ५ व्होल्टच्या अँटेनाला ३.३ व्होल्ट मिळाले तर तो मुका राहील, आणि उलट झालं तर जळू शकतो. दोन, सिरियल लाइन टीटीएल (कमी, फक्त धन व्होल्टची) आहे की आरएस-२३२ (धन आणि उणे व्होल्टची). टीटीएल पिनवर आरएस-२३२ चे उणे व्होल्ट गेले की मॉड्यूल संपलं. लाइन बरोबर असूनही कचरा अक्षरं आली तर पॅरिटी (प्रत्येक अक्षरासोबत जाणाऱ्या तपासणी बिटाची सेटिंग) तपासा. ट्रिंबलची बरीच मॉड्यूल ऑड पॅरिटीवर बोलतात.

बरीच वर्षं बंद पडून असलेलं मॉड्यूल पहिल्या दहा मिनिटांत फिक्स (जागेचं आणि वेळेचं उत्तर) देत नाही म्हणून घाबरू नका. बॅकअप बॅटरी मेलेली असते, आणि पूर्ण अल्मनॅक (सगळ्या उपग्रहांच्या कक्षांची ढोबळ माहिती) उतरायलाच १२.५ मिनिटं लागतात. मोकळ्या आकाशाखाली तासभर तरी द्या.

ओसीएक्सओसकट तयार युनिट घेत असाल तर 'लॉक'च्या दिव्यावर विसंबू नका. कंट्रोल व्होल्टेज (ऑसिलेटरला ओढून जागेवर ठेवणारं व्होल्टेज) किती आहे ते मागा. ते पट्ट्याच्या एका टोकाला पोहोचलं असेल तर क्रिस्टल इतका सरकलाय की पुढे ओढायला जागाच उरलेली नाही. मात्र हे माप थंड युनिटवर घेऊ नका: ओव्हन किमान दिवसभर चालू ठेवून मगच घ्या.