पैठण गेट ते शहागंज : रस्ता पाहायचा तर सकाळीच

छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या शहरातील पैठण गेट, गुलमंडी, सिटी चौक, शहागंज हा रस्ता दुपारी पाहायला गेल्यास जुन्या इमारतींऐवजी पाट्या आणि दुचाकीच अधिक दिसतात. म्हणून सकाळी आठच्या सुमारास, दुकाने उघडण्यापूर्वी, वाहन पैठण गेटच्या अलीकडेच लावून पायी निघावे. शटर खाली असल्याने नजर वरच्या मजल्यांकडे जाते आणि एरवी टांगलेल्या कपड्यांआड दडणारे लाकडी सज्जे नीट पाहता येतात.

गल्लीबोळांत दिशा हरवल्यास मोबाइलवरील नकाशापेक्षा दरवाजाचे नाव विचारणे सोपे पडते, कारण दिल्ली दरवाजा उत्तरेला आणि पैठण गेट दक्षिणेला, म्हणजे नावातले गाव ज्या दिशेला, त्याच दिशेला तो दरवाजा आहे. मलिक अंबरने १६१२ मध्ये मोगलांवरील विजयाच्या स्मरणार्थ उभारलेला भडकल दरवाजा मात्र या वाटेवर नाही. तेथे रिक्षाने जावे, आणि माझ्या मते तो चुकवूच नये.

जुन्या वाड्यांत आजही कुटुंबे राहतात, त्यामुळे चौकात डोकावण्यापूर्वी किंवा छायाचित्र घेण्यापूर्वी परवानगी अवश्य घ्यावी.