महाविद्यालयीन बास्केटबॉल संघावरील इंटरॅक्टिव्ह मल्टिमीडिया वृत्तप्रकल्प कसा आखावा

मजकूर, छायाचित्रे, ध्वनी, चित्रफीत, नकाशे आणि आकडेवारी यांची गुंफण करून वाचकाला स्वतः निवड करत, मागेपुढे जात विषय समजून घेता येईल असा वृत्तप्रकल्प तयार करणे हे आज पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांकडून अपेक्षित असलेले काम आहे. अमेरिकेत महाविद्यालयीन बास्केटबॉलला व्यावसायिक खेळाइतका प्रेक्षक असल्यामुळे विद्यापीठाचा संघ हा अशा प्रकल्पाचा स्वाभाविक विषय ठरतो, आणि तिथे पत्रकारिता शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांपुढेही तो येऊ शकतो. या लेखात आयोवा विद्यापीठाचा महिला संघ उदाहरणादाखल घेऊन आखणीचा क्रम मांडला आहे. आखणी साधनांपासून सुरू करू नये, प्रश्नापासून करावी, हे माझे ठाम मत आहे.

पहिली पायरी: एक प्रश्न ठरवावा

‘आयोवाचा महिला संघ’ हा विषय झाला, प्रश्न झाला नाही. विषय हाती घेऊन निघालेला गट खेळाडूंची ओळख, प्रशिक्षकांची मुलाखत आणि हंगामाचा आढावा असे सुटे तुकडे गोळा करतो आणि शेवटी ते एकमेकांना चिकटत नाहीत. त्याऐवजी असे विचारावे: सुमारे ३२ लाख लोकसंख्येच्या, शेतीप्रधान राज्यात महिलांच्या बास्केटबॉलला एवढी गर्दी का होते? १५ ऑक्टोबर २०२३ रोजी आयोवा सिटीतील किनिक स्टेडियम या अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर डीपॉल विद्यापीठाविरुद्ध झालेला प्रदर्शनीय सामना ५५,६४६ प्रेक्षकांनी पाहिला. केटलिन क्लार्क ही विलक्षण खेळाडू तेव्हा संघात होती, हे त्याचे सोपे उत्तर आहे. परंतु ३ फेब्रुवारी १९८५ रोजी, म्हणजे क्लार्कच्या जन्माच्या कितीतरी आधी, ओहायो स्टेट विद्यापीठाविरुद्धच्या सामन्याला कार्व्हर-हॉकआय अरीना या संघाच्या बंदिस्त क्रीडागृहात क्षमतेहून खूप अधिक, २२,१५७ प्रेक्षक आले होते. सोपे उत्तर अपुरे पडते, तिथेच प्रकल्पाला विषय सापडतो.

प्रश्न एका वाक्यात लिहून गटातील प्रत्येकापुढे ठेवावा. पुढे जे साहित्य त्या प्रश्नाच्या उत्तरात भर घालत नाही, ते कितीही देखणे असले तरी वगळावे.

दुसरी पायरी: उत्तराचे भाग पाडून प्रत्येकाला माध्यम नेमावे

हा आखणीचा गाभा आहे आणि यावर सर्वाधिक वेळ द्यावा. उत्तराचा प्रत्येक भाग कागदावर मांडावा आणि विचारावे की तो वाचून अधिक कळेल, पाहून कळेल, ऐकून कळेल की हाताळून कळेल.

आयोवाच्या गर्दीचे एक मूळ ‘सिक्स-ऑन-सिक्स’ या खेळप्रकारात आहे. या राज्यातील शाळांमध्ये मुली १९९३ पर्यंत हा प्रकार खेळत असत. प्रत्येक संघात सहा मुली, त्यांपैकी तिघी केवळ आक्रमणासाठी आणि तिघी केवळ बचावासाठी. मधली रेषा कोणीही ओलांडायची नाही आणि चेंडू हाती आल्यावर दोनदाच ड्रिबल करायचा, म्हणजे जमिनीवर आपटायचा. हे नियम शब्दांत सांगता येतात, पण खेळाची गती आणि जागांची विभागणी वाचकाच्या डोळ्यांपुढे उभी राहत नाही. म्हणून येथे कोर्टाचे साधे हलते रेखाचित्र हवे. त्यात वाचकाने खेळाडूवर बोट ठेवले की तिला कुठपर्यंत जाता येते ते उजळून दिसावे.

तो खेळ खेळलेल्या स्त्रिया आज आजी झाल्या आहेत. त्यांच्या आठवणींसाठी ध्वनिफीत सर्वांत योग्य, कारण कॅमेऱ्यासमोर अवघडणारी व्यक्ती आपल्या स्वयंपाकघरात बसून मोकळेपणाने बोलते आणि तिच्या आवाजातला उत्साह छापील अवतरणात उतरत नाही. या काळातील डेनिस लाँग हिला १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को वॉरियर्स या पुरुषांच्या व्यावसायिक संघाने निवड प्रक्रियेत निवडले होते. मे २०२४ मध्ये लिसा ब्लुडर निवृत्त झाल्यानंतर आयोवाच्या मुख्य प्रशिक्षक झालेल्या जॅन जेन्सन याही शालेय वयात सिक्स-ऑन-सिक्स खेळल्या आहेत. जुन्या खेळप्रकारातून आजच्या संघापर्यंत येणारा हा जिवंत धागा असल्याने त्यांची मुलाखत चित्रफितीसाठी राखून ठेवावी.

कार्व्हर-हॉकआय अरीनाची रचना अशी आहे की प्रेक्षक जमिनीच्या पातळीवरून आत शिरतो आणि आसनांच्या रांगा खाली कोर्टापर्यंत उतरत जातात. अशा जागेसाठी सर्व बाजूंनी फिरवून पाहता येणारे ३६० अंशांचे छायाचित्र सार्थकी लागते. एखाद्या साध्या व्यायामशाळेसाठी मात्र तेच तंत्र वापरण्यात अर्थ नाही. कारणमीमांसा, इतिहासातील गुंतागुंत आणि मतभेद यांसाठी मजकूरच ठेवावा; ते काम दुसरे कोणतेही माध्यम इतक्या नेमकेपणाने करत नाही.

कालरेषा करायची असल्यास नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या नाइट लॅबने तयार केलेले टाइमलाइनजेएस हे मोफत साधन पुरेसे आहे. गूगल शीटमध्ये नोंदी भरल्या की कालरेषा तयार होते. तिच्यात २० पेक्षा जास्त पाने नसावीत असे तिचे निर्मातेच सुचवतात, आणि माझ्या मते त्याहूनही कमी असावीत.

तिसरी पायरी: आकडेवारी संदर्भासह घ्यावी

अमेरिकेतील वरिष्ठ महाविद्यालयीन सामन्यांत प्रत्येक चालीची नोंद ठेवली जाते, त्यामुळे कोणत्या खेळाडूने कोठून चेंडू टाकला हे दाखवणारा शॉट चार्ट बनवणे शक्य असते. कोर्ट ९४ फूट लांब व ५० फूट रुंद असते आणि महिलांची तीन गुणांची रेषा, म्हणजे जिच्या बाहेरून टाकलेल्या चेंडूला तीन गुण मिळतात ती, २०२१-२२ पासून पुरुषांप्रमाणेच बास्केटपासून २२ फूट पावणेदोन इंचांवर आहे. ही मापे आराखड्यात अचूक असली पाहिजेत, अन्यथा चार्टवरील प्रत्येक बिंदू चुकीचा ठरेल. क्लार्कसारख्या, रेषेच्या बऱ्याच मागून चेंडू टाकणाऱ्या खेळाडूसाठी शॉट चार्ट फार बोलका होतो. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी मिशिगनविरुद्ध तिने ज्या फेकीने एनसीएए या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या नोंदीतील, महिलांच्या कारकिर्दीतल्या सर्वाधिक गुणांचा केल्सी प्लमचा ३,५२७ चा विक्रम मोडला, ती मैदानाच्या मध्यावरील बोधचिन्हाजवळून केलेली होती.

गुणांच्या तुलनेत मात्र फार काळजी घ्यावी लागते. क्लार्कची कारकिर्दीतील एकूण गुणसंख्या ३,९५१ आहे. कॅन्सस विद्यापीठाच्या लिनेट वुडर्डने १९८१ पर्यंत ३,६४९ गुण मिळवले होते. पण एनसीएए ही संघटना महिलांच्या स्पर्धा १९८१-८२ पासून घेऊ लागल्यामुळे ते गुण तिच्या अधिकृत विक्रमांत धरले गेले नाहीत. पुरुषांमध्ये पीट मॅराविचचे ३,६६७ गुण केवळ तीन हंगामांतील आहेत. वुडर्ड आणि मॅराविच या दोघांच्या वेळी महाविद्यालयीन खेळात तीन गुणांची रेषा नव्हती. चार नावांचे स्तंभ शेजारी उभे करून मोकळे होणारा आलेख वाचकाची दिशाभूल करतो. स्तंभाला स्पर्श करताच हंगामांची संख्या, तेव्हाचे नियम आणि स्पर्धा घेणारी संघटना दिसेल अशी सोय केली, तरच त्या आलेखाला इंटरॅक्टिव्ह करण्याचे सार्थक होते.

पैशांविषयी लिहायचे असल्यास अमेरिकी शिक्षण खात्याकडे विद्यापीठांनी दरवर्षी सादर केलेली, महिला व पुरुष संघांच्या उत्पन्न-खर्चाची माहिती सार्वजनिक आहे. सरकारी विद्यापीठांतील प्रशिक्षकांचे करारही राज्याच्या माहिती कायद्याखाली मागता येतात; खासगी विद्यापीठांना सहसा ते बंधन नसते. भारतात महाविद्यालयीन पातळीवर चालींची अशी तपशीलवार नोंद सहसा मिळत नाही. तेव्हा येथे असा प्रकल्प करणाऱ्याने कोर्टाचा आराखडा छापून घ्यावा आणि प्रत्येक सामन्यात एकाने केवळ फेकींच्या जागा टिपाव्यात.

चौथी पायरी: परवानग्या आणि मर्यादा आधी समजून घ्याव्यात

सामन्यांच्या चित्रणाचे हक्क वाहिन्यांनी विकत घेतलेले असतात. त्यामुळे सामन्यातील क्षणांवर आधारलेली चित्रफीत आखून ठेवली तर ऐनवेळी प्रकल्पात पोकळी राहते. सराव, मुलाखती, प्रेक्षकांतील ध्वनी आणि स्वतः काढलेली छायाचित्रे यांवर भर द्यावा, आणि विद्यापीठाच्या क्रीडा संपर्क कार्यालयाकडे यासाठीची मागणी हंगामापूर्वीच लेखी करावी. खेळाडू प्रसिद्ध असल्या तरी त्या विद्यार्थिनी आहेत. त्यांच्या शैक्षणिक नोंदींना १९७४ च्या संघराज्य कायद्याचे संरक्षण आहे, आणि दुखापतीसारख्या खासगी बाबींवर बोलायचे की नाही हे खेळाडूने ठरवायचे असते.

संपर्क कार्यालयाने पुरवलेल्या साहित्यावरच प्रकल्प उभा राहिला तर तो विद्यापीठाची जाहिरात होतो. मार्च २०२१ मध्ये सॅन अँटोनियो येथील महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेत व्यायामाची साधने किती तुटपुंजी आहेत, हे ओरेगॉन विद्यापीठाची खेळाडू सेडोना प्रिन्स हिने छोट्या चित्रफितीतून दाखवले, आणि त्यानंतर स्त्री-पुरुष स्पर्धांतील तफावतीची चौकशी झाली. कोणत्याही प्रसिद्धिपत्रकात ते आले नव्हते. म्हणून व्यवस्थापनाबाहेरच्या किमान तीन-चार व्यक्तींच्या मुलाखती आराखड्यातच लिहून ठेवाव्यात.

पाचवी पायरी: वेळापत्रक आणि स्टोरीबोर्ड

हंगाम नोव्हेंबरच्या सुरुवातीस सुरू होऊन राष्ट्रीय स्पर्धेसह एप्रिलच्या आरंभी संपतो. जुन्या खेळाडूंच्या मुलाखती आणि संग्रहातील छायाचित्रांचे काम हंगामापूर्वी उरकावे, कारण सामने सुरू झाल्यावर सवड राहत नाही. संघ लवकर बाद झाला तरी प्रकल्प उभा राहील अशी रचना असावी. ‘गर्दी का होते’ हा प्रश्न निकालावर अवलंबून नाही, हा त्याचा आणखी एक गुण. वार्तांकन, आकडेवारी, ध्वनी-चित्रण आणि पानाची बांधणी यांसाठी प्रत्येकी एक जबाबदार व्यक्ती नेमावी.

स्टोरीबोर्ड, म्हणजे पानाचा चौकटीमागून चौकट असा आराखडा, कागदावरच काढावा आणि तो मोबाइलच्या उभ्या पडद्याच्या मापाचा असावा. प्रत्येक चौकटीत वाचकाला काय दिसेल, त्याने काय करायचे आणि काहीच न करता तो पुढे सरकला तर त्याला किमान काय कळेल, या तीन गोष्टी लिहाव्यात. यांतील तिसरी सर्वांत महत्त्वाची आहे, कारण पुष्कळ वाचक कशालाही स्पर्श न करता केवळ पान सरकवत जातात. चित्रफितींना उपशीर्षके (सबटायटल्स), छायाचित्रांना वर्णन आणि ध्वनिफितींना लेखी उतारा देण्याचे काम शेवटावर न ढकलता वेळापत्रकात धरावे.

प्रकाशनाच्या किमान दोन आठवडे आधी प्रकल्पाशी संबंध नसलेल्या काही जणांच्या हातात पान द्यावे आणि त्यांना काहीही न सांगता शेजारी बसून निरीक्षण करावे. पाहून झाल्यावर मूळ प्रश्नाचे उत्तर त्यांच्या शब्दांत विचारावे. ते देता आले नाही, तर कोणत्या चौकटीपाशी धागा सुटला ते शोधून ती चौकट बदलावी किंवा काढून टाकावी.