डब्यावर २.१ छापलंय म्हणून लगेच पैसे काढू नका

महागडा गेमिंग मॉनिटर घ्यायला निघालेल्या माणसाचा पहिला प्रश्न हल्ली ठरलेला असतो, डिस्प्लेपोर्ट २.१ (ग्राफिक्स कार्डातून मॉनिटरला चित्र नेणारी जोडणी) आहे ना? इंदूरात सिल्व्हर मॉलच्या काउंटरवर विचाराल तर उत्तर येतं "हौ भिया, सब है", आणि डब्यावर खरंच २.१ छापलेलं असतं, दुकानदार काही खोटं बोलत नसतो. पण त्या २.१ मधे नक्की किती वेग मिळणार ते डब्यावर नसतं आणि घोळ तिथेच आहे.

म्हणून पहिलं काम, आकडा सोडा, वेग विचारा. २.१ मधे तीन नवे वेग आहेत, त्यांना यूएचबीआर म्हणतात: यूएचबीआर १० म्हणजे सेकंदाला ४० गिगाबिट, यूएचबीआर १३.५ म्हणजे ५४ आणि यूएचबीआर २० म्हणजे ८०. तिन्हीला २.१ च म्हणतात. एचडीएमआयचं तर विचारूच नका, २.१ चा पूर्ण वेग ४८ गिगाबिट, पण नियम असे की जवळजवळ सगळं ऐच्छिक, त्यामुळे जुन्या १८ गिगाबिटच्या पोर्टालाही २.१ म्हणता येतं. कंपनीच्या साइटवरून मॅन्युअलची पीडीएफ उतरवा आणि त्यात यूएचबीआर शोधा, सापडलं नाही तर तो मॉनिटर जुन्या डिस्प्लेपोर्ट १.४ च्याच वेगाचा आहे असं धरून भाव करा.

आता तुम्हाला किती वेग लागतो त्याचा हिशोब, कॅल्क्युलेटर घ्या. रुंदी गुणिले उंची गुणिले हर्ट्झ गुणिले बिट, ८-बिट रंगाला २४ आणि १०-बिटला ३०. ४के २४० हर्ट्झ १०-बिट म्हणजे ३८४० × २१६० × २४० × ३०, साधारण ५९.७ गिगाबिट, वर ब्लँकिंगचं, म्हणजे पडद्यावर न दिसणाऱ्या सिग्नलचं, थोडं वेगळं. डिस्प्लेपोर्ट १.४ नावाला ३२.४ पण हाती येतात २५.९, एचडीएमआय २.१ चे हाती येतात ४२ च्या आसपास. दोन्हीत बसत नाही, यूएचबीआर १३.५ मधेही नाही, फक्त यूएचबीआर २० मधे बसतं. ४के १४४ ला ८-बिटवरच २८.७ लागतात, म्हणजे १.४ ची हद्द तिथेच संपली. आणि १४४०पी (२५६० × १४४०) २४० हर्ट्झ ८-बिट म्हणजे २१.२, ते १.४ मधे आरामात जातं, तुमचा मॉनिटर असा असेल तर २.१ च्या चक्करमधे पडूच नका.

मग १.४ वाले ४के २४० चे मॉनिटर चालतात कसे? डीएससी म्हणजे डिस्प्ले स्ट्रीम कॉम्प्रेशनमुळे. सिग्नल ग्राफिक्स कार्डातून निघतानाच दाबून छोटा करतात आणि मॉनिटर तो परत उलगडतो. आता ही कॉम्प्रेशन काही व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोसारखी नाही, गेम खेळताना फरक डोळ्याला कळत नाही असंच माझं मत आहे, ज्यांना कळतो असं म्हणतात त्यांनी कोणता पडदा कोणता ते न सांगता ओळखून दाखवावं. खरा त्रास दुसराच, फुलस्क्रीन गेममधून ऑल्ट-टॅब मारलं की काही सेटअपवर स्क्रीन क्षणभर काळी होते, आणि एनव्हिडियाच्या ४०-सिरीज कार्डांवर डीएससी चालू असताना बऱ्याचदा डीएसआर, डीएलडीएसआरचे (गेम मोठ्या रिझोल्यूशनला काढून पडद्यापुरता छोटा करण्याचे) पर्याय गायब होतात. हे तुम्ही वापरत असाल तरच यूएचबीआर २० साठी जास्तीचे पैसे मोजा.

डिस्प्लेपोर्ट २.० जाहीर झाला जून २०१९ ला, २.१ ऑक्टोबर २०२२ ला, आणि तरी मॉनिटर इतके मागे का राहिले, तर त्याचं मोठं कारणही डीएससीच, काम भागतंय तर घाई कोणाला! मॉनिटरच्या आतली स्केलर चिप, म्हणजे आलेला सिग्नल पडद्यासाठी तयार करणारी, नव्या वेगाची हवी, ती महाग. त्यात एनव्हिडियाने सगळी ४०-सिरीज १.४ वरच ठेवली, समोर कार्डच नाही तर पोर्ट देऊन करायचं काय. एएमडीने आरएक्स ७००० मधे २.१ दिलं पण ५४ पर्यंतच, म्हणून २०२३ चा सॅमसंग ओडिसी निओ जी९, तो ५७ इंची अजगर, यूएचबीआर १३.५ वर आला. गीगाबाइटने २०२४ मधे ८० वाला ओएलईडी काढला तेव्हा गेमिंग कार्डांत तो वेग देणारं कोणीच नव्हतं, एनव्हिडियाची ५०-सिरीज २०२५ ला आली तेव्हा कुठे जोडी जमली.

तेव्हा कार्ड आधी बघा. ४०-सिरीज असेल आणि पुढची दोनेक वर्षं बदलायचं नसेल तर १.४ वालाच चांगल्या पॅनलचा घ्या आणि उरलेल्या पैशात एसएसडी टाका.

केबल डब्यात आलेलीच वापरा. वेगळी घ्यायची तर प्रमाणित डीपी८० (८० गिगाबिटची) घ्या, आणि लक्षात ठेवा साधी डीपी८० केबल मीटरभराचीच मिळते, सीपीयू टेबलाखाली लांब ठेवला असेल तर पंचाईत. काही स्वस्त डिस्प्लेपोर्ट केबलमधे पिन २० जोडलेली असते, ती जोडलेली असायलाच नको, त्यातून मॉनिटरची वीज उलटी कार्डात जाते आणि मग पीसी सुरू न होण्यासारखे भुताटकीचे प्रकार होतात. एचडीएमआयला अल्ट्रा हाय स्पीडचं स्कॅन होणारं लेबल बघा.

घरी लावल्यावर विंडोजच्या सेटिंगमधे सिस्टिम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले उघडा, तिथे हर्ट्झ, बिट डेप्थ आणि कलर फॉरमॅट दिसतात. आरजीबी हवं, ४:२:२ किंवा ४:२:० (रंगाची माहिती कापलेलं) दिसलं तर वेग कुठेतरी अडतोय. काही मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत डिस्प्लेपोर्टचं व्हर्जन निवडायचं असतं, ते १.४ वर राहिलंय का बघा. आणि केबल ग्राफिक्स कार्डातच लावा हो, मदरबोर्डच्या पोर्टात नाही, हसू नका, "दादा, माझा नवा मॉनिटर अडकत अडकत चालतोय" म्हणून येणाऱ्या फोनांत हेच जास्त निघतं.