या चुका टाळा: सिलिॲकमध्ये गहू बंद करूनही त्रास का थांबत नाही

गव्हाचं सगळं बंद केलंय, ब्रेड नाही, पास्ता नाही, केक नाही, तरी पोट फुगतंय, थकवा जात नाही आणि रिपोर्टमधल्या अँटिबॉडीज खाली यायचं नावच घेत नाहीत. सिलिॲक म्हणजे ग्लुटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते तो आजार. त्याच्या पेशंटची ही तक्रार सर्रास ऐकू येते, आणि बऱ्याचदा कारण एकच निघतं की ग्लुटेन, म्हणजे गहू-बार्लीसारख्या धान्यांतलं प्रोटीन, थोडं थोडं कुठूनतरी पोटात जातच असतं.

आधी एक सांगते, ज्यांची टेस्ट अजून झालेली नाही त्यांनी प्लीज स्वतःच्या मनाने गहू सोडू नका. टीटीजी-आयजीए ही अँटिबॉडीज मोजणारी रक्ताची टेस्ट आणि लहान आतड्याची बायोप्सी, दोन्ही रोजच्या खाण्यात ग्लुटेन चालू असतानाच नीट उत्तर देतात. दोन-चार महिने सगळं बंद करून मग टेस्टला गेलात तर ती नॉर्मल येऊ शकते, आणि मग डॉक्टर परत काही आठवडे ग्लुटेन खायला सांगतात, तो काळ खरंच हाल करणारा असतो.

आता सगळ्यात मोठी चूक: "एवढ्याशाने काय होतंय". ग्लुटेन-फ्री लेबलसाठी कोडेक्सने (अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणारी संस्था) ठरवलेली आणि बऱ्याच देशांत चालणारी मर्यादा म्हणजे एक किलोला 20 मिलिग्रॅम. ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये साधारण 2 ग्रॅम किंवा जास्तच ग्लुटेन असतं, आणि बहुतेकांना दिवसाला 10 मिलिग्रॅमपर्यंत झेपतं असं मानतात, म्हणजे हिशोब करा, एका स्लाइसचा दोनशेवा भाग! 2007 साली छापून आलेल्या एका अभ्यासात पेशंटना 90 दिवस रोज 50 मिलिग्रॅम ग्लुटेन दिलं होतं, तेवढ्यानेही आतड्याच्या अस्तराला इजा झालेली दिसली. त्यामुळे वरचं क्रीम खाल्लं आणि केक बाजूला ठेवला, सॅलडमधले ब्रेडचे तुकडे वेचून काढले, असलं काही चालत नाही.

आणि हे सगळं घडतं कुठे तर आपल्याच किचनमध्ये. बटरचा डबा घ्या, घरातल्या कुणीतरी टोस्टला बटर लावलं आणि तीच सुरी परत डब्यात घातली, नीट बघितलं तर कडेला तपकिरी कण चिकटलेले दिसतील, तो डबा तुमच्यासाठी संपला. जॅम, चीज स्प्रेड, पीनट बटर सगळ्याला हेच लागू, तुमचे डबे वेगळे ठेवा आणि वर ठसठशीत नाव लिहा. पास्ता निथळायच्या चाळणीच्या भोकांत पीठ अडकून बसतं आणि घासलं तरी निघत नाही, लाकडी चमचे, लाटणं, चरे पडलेला कटिंग बोर्ड आणि टोस्टरचं तसंच, हे सगळं वेगळंच घ्या. बाकी स्टीलची, काचेची भांडी साबण-पाण्याने स्वच्छ घासली की पुरे, फक्त स्पंज वेगळा ठेवा. खूप जणांना वाटतं उकळलं, तळलं की ग्लुटेन मरतं. अहो ते जंतू नाहीत मरायला, ते प्रोटीन आहे, उकळून जात नाही आणि सॅनिटायझरनेही जात नाही, धुऊनच काढावं लागतं. म्हणूनच ज्या तेलात मैद्याचं काही तळलंय त्या तेलातले बटाट्याचे फ्राइजसुद्धा बाद. घरात मैदा चाळला जात असेल तर त्याची धूळ बराच वेळ हवेत राहते आणि मग ओट्यावर, भांड्यांवर बसते, तेव्हा तुमचं जेवण आधी करून झाकून ठेवा आणि मग बाकीच्यांचं करायला घ्या.

लेबल वाचताना फक्त "गहू नाही" एवढं बघून थांबू नका. बार्ली (जव) आणि राय (मोहरी नव्हे, गव्हासारखं एक धान्य) पण तितकेच वाईट, आणि बार्ली बहुतेक वेळा माल्ट या नावाने येते, सिरियल, चॉकलेट ड्रिंक, माल्ट व्हिनेगर, बिअर. साध्या सोया सॉसमध्ये गहू असतो. स्पेल्ट हा गव्हाचाच प्रकार आहे, जुनं धान्य म्हणून कितीही कौतुक होऊ दे. ओट्स घ्यायचे तर ग्लुटेन-फ्री लिहिलेलेच घ्या, कारण साध्या ओट्समध्ये शेतापासून गिरणीपर्यंत कुठेही गहू-बार्ली मिसळते, आणि थोड्या लोकांना शुद्ध ओट्सही सोसत नाहीत, म्हणून डॉक्टरांना विचारूनच सुरू करा. मूळचं ग्लुटेन नसलेलं पीठही डोळे झाकून घेऊ नका, 2010 साली अमेरिकेत अशा धान्यांचे आणि पिठांचे 22 नमुने तपासले तर 7 नमुन्यांत 20 पीपीएमपेक्षा (म्हणजे किलोला 20 मिलिग्रॅमपेक्षा) जास्त ग्लुटेन निघालं होतं. उलट माल्टोडेक्स्ट्रिनला उगाच घाबरू नका, नाव माल्टसारखं असलं तरी ते चालतं.

स्वयंपाक फसतो त्याचं मुख्य कारण म्हणजे मैद्याच्या जागी वाटीला वाटी तांदळाचं पीठ घालणं. ग्लुटेन पीठ धरून ठेवतं, ते काढलं की दुसरं काहीतरी बांधायला लागतंच, इसबगोलाचा भुसा किंवा झँथन गम. बॅटर नेहमीपेक्षा सैल ठेवा आणि अर्धा तास मुरू द्या, तांदळाची कचकच बरीच कमी होते. ब्रेड तर मळायचा कणकेसारखा नसतोच, तो सरळ साच्यात ओतायचा, आणि पूर्ण गार झाल्याशिवाय कापायचा नाही, गरम कापलात तर आत चिकट लागेल आणि वाटेल की कच्चाच राहिला. एकाच पिठावर भिस्त ठेवू नका, ज्वारी, बाजरी, मका, डाळीचं पीठ असं बदलत राहा, फायबरही मिळतं, कारण पाकिटातल्या ग्लुटेन-फ्री बिस्किटांत फायबर कमी आणि साखर-फॅट भरपूर असं बरेचदा असतं.

बाहेर खाताना "ग्लुटेन-फ्री आहे ना?" असं विचारलं की "हो" हेच उत्तर येतं. त्यापेक्षा नेमकं विचारा, तेल वेगळं आहे का, सॉस घट्ट करायला मैदा घालता का, पास्ता कुठल्या पाण्यात उकळता. नीट सांगता येत नसेल तर तिथे खाऊ नका, कोणाला वाईट वाटलं तरी चालेल.

आणि त्रास होत नाही म्हणजे चालतंय असं तर अजिबात धरू नका. काहींना पोटात कळही येत नाही, पण आत आतड्याचं अस्तर झिजतच असतं आणि मग लोह कमी, हाडं ठिसूळ हे नंतर कळतं. टीटीजी पुन्हा कधी करायची, लोह, बी12, व्हिटॅमिन डी आणि गरज असेल तर हाडांची डेक्सा टेस्ट, हे डॉक्टरांकडून ठरवूनच घ्या. अँटिबॉडीज खाली यायला महिने लागतात, मोठ्या माणसाचं आतडं पूर्ण भरून यायला दोन वर्षंही लागू शकतात, त्यामुळे महिनाभरात धीर सोडू नका. सुरुवातीला दूध पचत नसेल तर तेही याचाच भाग असू शकतं, आतडं भरून आलं की बऱ्याच जणांना परत चालतं. सगळं काटेकोर पाळूनही वर्षभरात फरक नसेल तर आठवडाभराचं खाणं, औषधं-गोळ्यांसकट, लिहून काढा आणि तो कागद घेऊन डॉक्टर आणि डाएटिशियनला भेटा, गोळ्यांच्या स्टार्चमध्येही कधी कधी गहू असतो.