नोकरी असतानाच लावून ठेवायची फाईल

पुण्याहून अमेरिकेला यायला निघालेल्या प्रत्येकाला मी आधी एकच सांगते: ऑफर लेटर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचा आणि त्यात 'ॲट-विल' हा शब्द शोधा. पगार, सुट्ट्या, इन्शुरन्स यांच्या खाली कुठेतरी तो दीड ओळीत बसलेला असतो. अर्थ असा, की कंपनी तुम्हाला कधीही, कारण न सांगता, नोटीस न देता काढू शकते. तुम्हीही तसेच सोडून जाऊ शकता. आपल्याकडे आयटी कंपनीत तीन महिन्यांचा नोटीस पिरियड असतो, रिलीव्हिंग लेटर असतं, परमनंट झाल्यावर पेढे वाटतात. इथे परमनंट असं काही नसतं. माँटाना हे एक राज्य वेगळं, तिथे १९८७ च्या कायद्याप्रमाणे प्रोबेशन संपलं की काढायला सबळ कारण लागतं. बाकी सगळीकडे हाच नियम. वंश, धर्म, लिंग, मूळ देश किंवा चाळीस पूर्ण झाल्यावर वय, यावरून काढणं बेकायदा आहे, पण ते सिद्ध करण्यात महिने जातात आणि तेवढे दिवस आपल्या हातात नसतात. अमेरिकन सहकाऱ्याचा पगार जातो. एच-१बीवाल्याचा, म्हणजे कंपनीच्या अर्जावर मिळालेल्या कामाच्या व्हिसावर आलेल्याचा, पगार जातो आणि इथे राहण्याचा आधारही. पुढची सोय करायला जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. म्हणून ही तयारी सगळं सुरळीत चालू असतानाच करायची.

२०२३ च्या जानेवारीत एका मंगळवारी सकाळी माझ्या कॅलेंडरवर पंधरा मिनिटांची मीटिंग येऊन पडली. स्क्रीनवर मॅनेजर आणि एचआरची एक बाई. मीटिंग संपली तेव्हा टेबलावरचा चहा अजून कोमट होता. थोड्या वेळात लॅपटॉप लॉक झाला, आणि त्या लॅपटॉपवरच्या 'पर्सनल' फोल्डरमध्ये माझ्या दोन्ही आय-७९७ च्या, म्हणजे एच-१बी अर्जाच्या सरकारी मंजुरीपत्रांच्या, प्रती होत्या. दुसरीकडे कुठेही नव्हत्या. कंपनीने नेमलेल्या वकिलाच्या ऑफिसातून त्या मिळेपर्यंत नऊ दिवस गेले. साठातले नऊ.

तेव्हा पहिलं काम फाईलचं. एक जाड प्लास्टिकची फाईल घरात, तिचे स्कॅन स्वतःच्या ईमेलवर, आणि कंपनीच्या लॅपटॉपवर काहीच नाही. फाईलमध्ये आजवरच्या सगळ्या आय-७९७ मंजुऱ्या, एलसीएची (एच-१बीआधी कंपनी कामगार खात्याकडे करते तो अर्ज) प्रत, ऑफर लेटर, गेल्या किमान सहा महिन्यांच्या पे स्टब (पगाराच्या स्लिपा), सगळ्या वर्षांचे डब्ल्यू-२ (पगार आणि कापलेल्या कराचा वार्षिक दाखला), पदवीची प्रमाणपत्रं आणि मार्कलिस्ट, त्यांचं क्रेडेन्शियल इव्हॅल्युएशन (आपली पदवी अमेरिकेतल्या कोणत्या पदवीच्या बरोबरीची, याचा अहवाल), आणि आधीच्या प्रत्येक कंपनीचं अनुभवाचं पत्र. भारतातल्या जुन्या कंपनीचं पत्र फक्त 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत होते' एवढंच सांगत असेल, तर कामाचं वर्णन असलेलं पत्र आत्ताच मागून घ्या. पाच वर्षांनी तो मॅनेजर तिथे नसतो. पे स्टब ज्या पोर्टलवर दिसतात त्याचं लॉगिन ऑफिसच्या ईमेलला जोडलेलं असेल तर आजच बदला.

मग आय-९४, म्हणजे देशात शिरल्याची आणि कधीपर्यंत राहता येईल याची सरकारी नोंद. प्रत्येक वेळी विमानतळावरून घरी आलात की दुसऱ्या दिवशी सरकारी वेबसाइटवरून तो उतरवून घ्या आणि तारीख बघा. आय-७९७ वर २०२८ लिहिलेलं असलं तरी पासपोर्ट २०२७ मध्ये संपणारा असेल तर आय-९४ बऱ्याचदा पासपोर्टच्या तारखेपर्यंतच मिळतो, आणि चालते ती आय-९४ ची तारीख. माझ्या ओळखीत एका जोडप्याच्या हे आठ महिन्यांनी लक्षात आलं. पासपोर्टला वर्षभर उरलं की नूतनीकरणाच्या मागे लागा.

ग्रीन कार्डची प्रक्रिया सुरू असेल तर आय-१४० चा (ग्रीन कार्डसाठी कंपनी तुमच्या नावाने करते तो अर्ज) रिसीट नंबर आणि प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली तुमची तारीख, वहीत लिहून ठेवा. तो अर्ज कंपनीचा असतो, त्यामुळे काही कंपन्या प्रत देत नाहीत. नंबर तरी मागाच. मंजुरीला १८० दिवस झाले की कंपनीने नंतर अर्ज मागे घेतला तरी, केवळ तेवढ्यावरून तो रद्द होत नाही. प्रायॉरिटी डेट तुमची राहते, आणि सहा वर्षांपलीकडे एच-१बी वाढवायला पुढच्या कंपनीला त्याचा आधार मिळतो. भारतीयांच्या रांगेत ती तारीख म्हणजे आयुष्याची दहा-दहा वर्षं आहेत. हा एक नंबर माझ्या मते बँकेच्या पासबुकाइतका जपावा.

पैशांचं थोडक्यात. सहा महिन्यांचा घरखर्च बचत खात्यात हवा, शेअरमध्ये नको, आणि पुण्याच्या फ्लॅटचा हप्ता त्या खर्चात धरायचा. घराचा करार मुदतीआधी मोडायला किती पैसे पडतात तेही वाचून ठेवा. बेकारी भत्त्यावर भिस्त ठेवू नका. 'कुठेही काम करायला मोकळा' ही त्याची अट एच-१बीवर सहसा पुरी होत नाही.

आता तो दिवस. समोर कागद ठेवले तर तिथल्या तिथे सही करू नका. वय ४० किंवा जास्त असेल तर, वयाच्या भेदभावाचा हक्क सोडून द्यायला लावणाऱ्या करारावर विचार करायला कायद्याने २१ दिवस, गटाने काढलं असेल तर ४५ दिवस, आणि सही केल्यावर ती फिरवायला ७ दिवस मिळतात. चाळिशीच्या आत असलात तरी आठवडाभर मागा. त्या बैठकीत एकच प्रश्न नक्की विचारा: माझा नोकरीचा शेवटचा दिवस कोणता? उत्तर ईमेलवर घ्या. साठ दिवस त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजतात. सेव्हरन्सची (नोकरीवरून काढताना कंपनी देते ती) रक्कम मोठी मिळाली म्हणून दिवस वाढत नाहीत. त्यामुळे घासाघीस करायचीच तर पैशांपेक्षा ती तारीख पुढे नेण्यासाठी करा, आणि त्या काळात तुम्ही खरोखर पगारपत्रकावर आहात असं धरलं जाईल का, हे वकिलाला विचारून घ्या. वकील स्वतःचा, कंपनीचा नव्हे. त्याचं नाव आणि नंबर आधीच फाईलच्या आतल्या बाजूला लिहिलेला हवा.

मोठी कपात असेल तर नोटिशीचा कायदा बघा. १९८८ च्या केंद्रीय वॉर्न कायद्याखाली शंभर किंवा जास्त कर्मचाऱ्यांच्या कंपनीला मोठ्या कपातीआधी ६० दिवसांची नोटीस द्यावी लागते. न्यू जर्सीत १० एप्रिल २०२३ पासून ती ९० दिवसांची झाली, वर नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे एका आठवड्याचा पगार. माझ्या वेळी हे तीन महिन्यांनी हुकलं. चार-पाच जणांनाच काढलं तर यातलं काहीही लागू होत नाही. एच-१बीच्या मुदतीआधी काढलं तर परतीच्या प्रवासाचा वाजवी खर्च मात्र कंपनीने द्यायचा असतो, फक्त तुमचा, कुटुंबाचा नाही. लेखी मागा.

साठ दिवसांचं गणित कागदावर उलटं मांडा. २०१७ पासून ही सवलत आहे, जास्तीत जास्त साठ दिवस, आय-९४ आधी संपत असेल तर तेवढेच. नव्या कंपनीने तुमच्यासाठी एच-१बीचा अर्ज केला की पावती येताच तिथे काम सुरू करता येतं, मंजुरीची वाट बघावी लागत नाही. पण अर्जाआधी एलसीए लागतो, त्याला कामाचे सात दिवस जातात, त्याआधी कागद गोळा करायला वकिलाला चार-पाच दिवस. म्हणजे ऑफर चाळिसाव्या दिवसाच्या आत हातात हवी, आणि तीन-चार फेऱ्यांच्या मुलाखतींना महिना जातो हे धरलं तर पहिल्या आठवड्यातच अर्ज गेलेले हवेत. रेझ्युमे दर सहा महिन्यांनी ताजा करा म्हणते ते यासाठी. एल-१ वर, म्हणजे त्याच कंपनीच्या भारतातल्या ऑफिसातून बदलीवर, आलेल्यांनी विशेष जपून राहावं. पूर्वी कधी एच-१बीच्या मर्यादित जागांच्या लॉटरीत नंबर लागला नसेल तर त्यांना असं दुसऱ्या कंपनीत उडी मारता येत नाही.

पन्नासाव्या दिवसापर्यंत काही जमलं नाही तर दुसरी वाट धरा. जोडीदाराचा स्वतःचा एच-१बी असेल तर एच-४ (एच-१बीवाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा), नाहीतर बी-२ (पर्यटकाचा) चा अर्ज. साठ दिवसांच्या आत तो दाखल झाला पाहिजे, आणि बी-२ वर काम करता येत नाही, एच-४ वर वेगळं परवानापत्र असल्याशिवाय नाही. मधल्या काळात भारताची चक्कर मारू नका. एकदा बाहेर पडलात की उरलेले दिवस संपले. सप्टेंबर २०२५ च्या राष्ट्राध्यक्षांच्या घोषणेने बाहेर असलेल्या माणसासाठी नवा एच-१बी अर्ज करणाऱ्या कंपनीपुढे १ लाख डॉलरची अट आणली. निघण्याआधी त्या दिवशीचा नियम वकिलाला विचारा.

आमच्या घरी एच-१बी माझा आणि नवरा एच-४ वर. त्याचं काम करण्याचं परवानापत्र माझ्या स्टेटसवरच उभं होतं, हे आम्ही दोघंही विसरलो होतो. एका मंगळवारी दोन पगारांचा प्रश्न उभा राहिला. दोघांपैकी एकाच्या व्हिसावर घर चालत असेल तर एक पगार पूर्ण बाजूला टाकायची सवय लावा, मग भले गाडी जुनी वापरावी लागो.

इन्शुरन्सला कोब्रा आहे (नोकरी गेल्यावरही कंपनीचाच आरोग्य विमा चालू ठेवायची कायद्यातली सोय), सहसा १८ महिने, पण पूर्ण हप्ता आपण भरायचा. दातांची कामं आणि औषधं नोकरीत असतानाच उरका.

लोकांना सांगायचं, हेही यादीत हवं. सांगलीला आईला फोन करून सांगायला मला अकरा दिवस लागले, आणि न्यू जर्सीतल्या एडिसनच्या मराठी मंडळातल्या मैत्रिणींना त्याहून जास्त. लाज वाटत होती, जणू नापास झाले होते. ज्या दिवशी सांगितलं त्याच संध्याकाळी एकीच्या नवऱ्याने त्याच्या टीममधली जागा सांगितली. एकावन्नाव्या दिवशी पावती आली ती त्याच जागेची. पाच माणसांची नावं आज लिहून ठेवा, ज्यांना तुम्ही पहिल्याच संध्याकाळी फोन कराल.

आणि मूल इथे जन्मलेलं असेल तर त्याचा अमेरिकन पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला व्हिसाशिवाय भारतात येऊ देणारं) दोन्ही तयार ठेवा. आम्ही लेकीचं ओसीआय 'पुढच्या उन्हाळ्यात बघू' म्हणत तीन वर्षं ढकललं होतं. परत जायची वेळ आली असती तर आम्ही दोघं पासपोर्टवर निघालो असतो आणि तिला आपल्याच आजीकडे जायला व्हिसा काढावा लागला असता. लहान मुलाच्या अर्जाला आईवडिलांच्या पासपोर्टच्या प्रती, जन्मदाखला आणि लग्नाचा दाखला लागतो. लग्नाचा दाखला सांगलीच्या कपाटात पडून असेल, तर येत्या कुणातरी पाहुण्याच्या बॅगेतून मागवून घ्या.