या चुका टाळा : दिसली बंदूक की ‘थ्री नॉट थ्री’ म्हणू नका!

आधी स्वतःचीच चूक सांगतो. आमच्या मंडळाचा गणपतीचा जिवंत देखावा होता 1857 चा, बंदुका बनवायचं काम माझ्याकडे, कारण काय तर मी कॉलेजात एनसीसीला होतो. मी डोळे झाकून प्लायवूडच्या बारा थ्री नॉट थ्री कापल्या, परेडला खांद्यावर घेऊन हिंडलेलो ना, आकार पाठ होता. गोळी भरायला मागेपुढे ओढायचा बोल्टचा दांडा, पोटाखाली मॅगझिन म्हणजे गोळ्यांची पेटी, सगळं एकदम झकास. पहिल्याच दिवशी शेजारच्या बिल्डिंगमधले रिटायर्ड सुभेदार काका आले, पाच मिनिटं बघत उभे राहिले आणि म्हणाले, "अरे, हा शिपाई दाताने काय तोडतोय? पितळ?"

झालं, पुढे बोलायला काही उरलंच नाही.

1857 ची ती एनफिल्ड म्हणजे पॅटर्न 1853, चक्क ठासणीची बंदूक. कागदी काडतूस दाताने फाडायचं, दारू नळीत ओतायची, गोळी गजाने ठासायची, ठिणगी पाडणारी छोटी टोपी बसवायची आणि मग बार. चरबीचा सगळा वाद त्या कागदाचा. बोल्टवाली ली-एनफिल्ड, म्हणजे आपली थ्री नॉट थ्री, आली 1895 ला, तिचं काडतूस पितळेचं, त्यात फाडायला आहेच काय? नाव दोन्हीकडे एनफिल्ड, कारण लंडनजवळच्या एनफिल्ड गावात सरकारी कारखाना होता, म्हणून घोळ होतो. सिनेमात 1857 दिसलं की आधी उजवा हात बघा, बोल्ट ओढत असेल तर प्रॉपवाल्याने माझ्यासारखंच केलंय.

दुसरी चूक या दोन एनफिल्डच्या मधल्या काळाची. दक्षिण आफ्रिकेत इंग्रज आणि झुलू यांच्यात 1879 ला झालेल्या रॉर्क्स ड्रिफ्टच्या लढाईवर 1964 चा ‘झुलू’ सिनेमा आहे, त्यात मुख्य बंदूक मार्टिनी-हेन्री, खालचा लिव्हर दाबला की मागचं तोंड उघडतं, एका वेळी एकच गोळी, मॅगझिन वगैरे काही नाही. पण नीट बघा, काही शॉट्समध्ये काही सैनिकांकडे बोल्टवाल्या ली-एनफिल्ड दिसतात, तेव्हा त्या जन्मालाही आल्या नव्हत्या! अजून एक, मार्टिनीत काळी दारू, म्हणजे बार झाला की पांढऱ्या धुराचा लोट. ली-एनफिल्डमध्ये कॉर्डाइट नावाची नवी दारू, धूर नावालाच. खरं तर तिचा जन्मच कॉर्डाइटमुळे झाला, आधीच्या ली-मेटफर्ड रायफलच्या नळीतले, गोळीला गरगर फिरवणारे उथळ आटे त्याच्या उष्णतेने झिजायला लागले, मग एनफिल्डला खोल आटे पाडले आणि नाव बदललं. त्यामुळे 1914 च्या सीनमध्ये एका रायफलमधून होळीएवढा धूर निघाला तर समजा डायरेक्टरला नुसतं वातावरण पाहिजे होतं.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट, ज्यावर कमेंटमध्ये मारामाऱ्या होतात. पहिल्या महायुद्धाची एसएमएलई (शॉर्ट मॅगझिन ली-एनफिल्ड) आणि दुसऱ्याची नंबर 4, दोन्ही ली-एनफिल्डच, पण एक नाहीत. पॉज करा आणि नाक बघा. एसएमएलईचं नाक चपटं, डुकराच्या थोबाडासारखं, नळी जवळजवळ त्यातच संपते. नंबर 4 ची नळी पुढे स्पष्ट बाहेर आलेली. नाक दिसत नसेल तर नेम धरायची मागची साइट शोधा, एसएमएलईची नळीवर, बोल्टच्या बरीच पुढे, नंबर 4 ची पार मागे डोळ्याजवळ. संगीनही वेगळी, जुनीचं 17 इंची पातं, नवीनची नुसती सळई. ‘1917’ सिनेमात एसएमएलईच आहे, बरोबर आहे. पण 1940 दाखवताना सगळ्यांच्या हातात नंबर 4 दिली की गडबड, कारण ती सैन्यात नीट पोचली 1941 नंतर, 1940 ला फ्रान्समधल्या डंकर्कहून ब्रिटिश सैन्य माघारी आलं तेव्हा बहुतेकांकडे जुनीच होती.

गोळ्या मोजायचा नाद मला आहे, घरचे वैतागतात. मॅगझिनमध्ये 10, पाच-पाचच्या दोन पट्ट्यांनी भरायच्या, आणि प्रत्येक गोळीनंतर बोल्ट उचलायचा, ओढायचा, ढकलायचा, पाडायचा. हिरो चापावरून बोट न काढता धाड धाड तीन बार टाकतो तेव्हा एडिटरने बोल्ट कापलाय. 1914 च्या ब्रिटिश शिपायाला मिनिटाला नेम धरून 15 गोळ्यांची प्रॅक्टिस असायची, पण त्याचा उजवा हात शिलाई मशीनच्या सुईसारखा चालू असायचा.

आणि ‘थ्री नॉट थ्री’ हे बंदुकीचं नावच नाही हो, नळीच्या व्यासाचा आकडा आहे, .303 इंच. ब्रेन गन ही मशीनगनही तीच गोळी खायची, आपल्या पुण्यात खडकीला तिची काडतुसं बनायची, बुडावर केएफ, म्हणजे ‘किरकी फॅक्टरी’, मारलेलं. उलट बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यातली 2ए1 रायफल बघा, दिसायला हुबेहूब ली-एनफिल्ड पण गोळी 7.62 मिमीची, मॅगझिन चौकोनी, 12 गोळ्यांचं. साठच्या दशकातली आहे. स्वातंत्र्यलढ्याच्या सीनमध्ये ते चौकोनी मॅगझिन दिसलं की मी रिमोट घेतो.

देखाव्याचं काय झालं? त्या रात्री बाराही बोल्ट करवतीने उडवले, मॅगझिन कापलं. पण खरी एनफिल्ड 55 इंच लांब आणि माझी साडेचव्वेचाळीस, मग पुढे पीव्हीसी पाइप जोडून काळा रंग मारला. विसर्जनापर्यंत दोन पाइप पडले, एक तर ऐन "मारो फिरंगी को" ला.